मराठीतील 'ला' स्पॅनिशमध्ये कधी 'लो', कधी 'ला' आणि कधी 'ले' का होतो?

प्रश्न | नवशिकी

नमस्कार. मी गेले आठ महिने स्पॅनिश शिकते आहे. वर्तमानकाळाची आणि साध्या भूतकाळाची रूपे आता बऱ्यापैकी तोंडात बसली आहेत, परंतु कर्माच्या जागी येणारी सर्वनामे आली की माझे वाक्य हमखास चुकते, आणि ते नेमके का चुकते हे शोधूनही सापडत नाही. म्हणून माझ्या वहीतील तीन वाक्ये जशीच्या तशी इथे मांडते.

पहिले वाक्य होते 'मी तिला पत्र दिले'. मी लिहिले, 'ला दी ला कार्ता'. 'ती' स्त्रीलिंगी आहे, म्हणून सर्वनाम 'ला', असा माझा सरळ हिशेब होता. बाईंनी पहिल्या 'ला'वर काट मारून वर 'ले' लिहिले. त्यावरून मी खूणगाठ बांधली की आपले 'त्याला' आणि 'तिला' म्हणजे स्पॅनिशचे 'ले'. दुसरे वाक्य होते 'मी तिला काल पाहिले'. खूणगाठ लक्षात ठेवून मी 'ले बी आयेर' असे लिहिले, तर या वेळी बाईंनी 'ले' खोडून 'ला' केले. तिसऱ्या वाक्यात पहिल्याच वाक्यातील पत्राचा उल्लेख सर्वनामाने करायचा होता, 'मी ते तिला दिले'. मी 'ले लो दी' लिहिले. त्यातील दोन्ही सर्वनामे खोडली गेली आणि वर लिहून आले, 'से ला दी'.

व्याकरणाची पुस्तके मी वाचून पाहिली. त्यांपैकी बहुतेक इंग्रजीतून समजावणारी आहेत आणि 'काय?' असे विचारले की प्रत्यक्ष कर्म सापडते, 'कोणाला?' असे विचारले की अप्रत्यक्ष कर्म सापडते, अशी युक्ती सांगतात. मराठीतून विचार करताना ही युक्ती मला उपयोगी पडत नाही, कारण 'कोणाला पाहिले?' आणि 'कोणाला दिले?' या दोन्ही ठिकाणी माझ्या मनात 'कोणाला' हाच प्रश्न उभा राहतो. शिवाय मी वहीत उच्चार देवनागरीत लिहिते, त्यामुळे स्पॅनिशमधील 'ला' हे सर्वनाम आणि आपला 'ला' हा प्रत्यय एकाच ओळीत शेजारी येतात आणि डोळा फसतो. मराठी माणसाने हा फरक ओळखायचा कसा?

उत्तर | जुनी वही

तुमची तिन्ही वाक्ये वाचली. तुम्ही व्यक्तीचे लिंग बरोबर ओळखता, क्रियापदाचे रूपही बरोबर लिहिता. अडचण एकाच ठिकाणी आहे आणि ती तुम्ही स्वतःच नेमकी सांगितली आहे: मराठीचा 'ला' दोन विभक्तींचे काम करतो. शाळेत आपण द्वितीया आणि चतुर्थी अशा दोन विभक्ती पाठ केल्या, परंतु दोहोंचे प्रत्यय जवळजवळ एकच असल्याने बोलताना आपल्याला त्या वेगळ्या जाणवतच नाहीत. स्पॅनिशमध्ये नामांच्या विभक्ती गळून पडल्या, पण तृतीय पुरुषी सर्वनामांत लॅटिनचा हा भेद टिकून राहिला. लॅटिनच्या द्वितीयेपासून 'लो' आणि 'ला' आले, चतुर्थीपासून 'ले' आले. म्हणजे जो भेद आपण शाळेत केवळ परीक्षेपुरता पाठ केला, तो तिथे रोजच्या बोलण्यात ऐकू येतो.

आधी एक दिलासा देते. हा प्रश्न फक्त तृतीय पुरुषात उद्भवतो. 'मे', 'ते', 'नोस' आणि स्पेनमध्ये वापरले जाणारे 'ओस' ही रूपे आपल्या 'मला', 'तुला', 'आम्हाला' यांच्यासारखीच दोन्ही कामे करतात. 'मे बिओ' म्हणजे त्याने मला पाहिले, 'मे दिओ ला कार्ता' म्हणजे त्याने मला पत्र दिले. 'मे' बदलत नाही. तेव्हा वाक्यात 'मी' किंवा 'तू' असेल तर काहीही निवडू नका, पुढे जा.

आता तृतीय पुरुष. मी शिकवताना 'कोणाला?' हा प्रश्न कधीच विचारत नाही. त्याऐवजी माणसाच्या जागी एखादी निर्जीव वस्तू ठेवून पाहायला सांगते. 'मी तिला पाहिले' या वाक्यात 'ती'च्या जागी नदी ठेवा. 'मी नदी पाहिली.' 'ला' गळून पडला आणि क्रियापदाने नदीचे लिंग घेतले. याचा अर्थ तो 'ला' द्वितीयेचा होता, केवळ माणसाचा मान राखण्यासाठी आलेला. स्पॅनिशमध्ये हे प्रत्यक्ष कर्म, म्हणून 'ला बी'. आता 'मी तिला सांगितले' हे वाक्य घ्या आणि तिथेही नदी ठेवा. 'मी नदी सांगितली' असे कोणी म्हणणार नाही; 'मी नदीला सांगितले' असेच म्हणावे लागते. 'ला' चिकटून राहिला, म्हणजे तो चतुर्थीचा आहे, म्हणून 'ले दिखे'. 'तिला ओळखले' आणि 'अक्षर ओळखले', 'तिला शोधले' आणि 'चावी शोधली', 'तिला बोलावले' आणि 'गाडी बोलावली' या जोड्यांत 'ला' गळतो, म्हणून 'ला रेकोनोसी', 'ला बुस्के', 'ला यामे'. 'तिला लिहिले' आणि 'तिला विचारले' यांत तो गळत नाही, म्हणून 'ले एस्क्रिबी', 'ले प्रेगुन्ते'.

वाक्यात दोन कर्मे असतील तर मराठी क्रियापद आपल्याला उत्तर आयतेच देते, फक्त तिकडे लक्ष द्यायची सवय हवी. 'मी तिला चिठ्ठी दिली', 'मी तिला कागद दिला', 'मी तिला पत्र दिले'. क्रियापद कोणाच्या मागे धावते आहे ते पाहा. 'तिला' तिन्ही वाक्यांत जागच्या जागी आहे, तिचा क्रियापदावर काहीही परिणाम नाही. वस्तू बदलली की 'दिली', 'दिला', 'दिले' असे रूप बदलते. क्रियापद ज्याच्याशी जुळते ते प्रत्यक्ष कर्म, त्याच्यासाठी 'लो' किंवा 'ला'. उरलेल्या व्यक्तीसाठी 'ले'. कर्मणी प्रयोगाची ही देणगी इंग्रजी किंवा फ्रेंच मातृभाषा असणाऱ्या विद्यार्थ्याला मिळत नाही, आपल्याला ती जन्मापासून मिळालेली आहे.

आपल्या बाजूची आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती कळली की स्पॅनिशचे 'आ' हे शब्दयोगी अव्यय तुम्हाला फसवणार नाही. 'मी घर पाहते' पण 'मी मुलीला पाहते'. स्पॅनिशमध्येही 'बेओ ला कासा' पण 'बेओ आ ला निन्या'. दोन्ही भाषा माणूस प्रत्यक्ष कर्म झाला की त्याला वेगळी खूण लावतात. इतकेच नव्हे, तर कोणता माणूस याचा बारकावाही दोन्हीकडे सारखाच सांभाळला जातो. 'मी डॉक्टर शोधते आहे' म्हटले तर कोणीही डॉक्टर चालेल, त्याला 'बुस्को उन मेदिको' म्हणतात. 'मी एका डॉक्टरांना शोधते आहे' म्हटले तर ठरावीक व्यक्ती मनात आहे, त्याला 'बुस्को आ उन मेदिको' म्हणतात. मात्र त्या डॉक्टरांच्या जागी सर्वनाम आले की 'लो बुस्को' असेच होते. 'आ' दिसला म्हणून 'ले' येत नाही. मराठी विद्यार्थी इथेच घसरतो, कारण त्याला तो 'आ' आपल्या 'ला'सारखा वाटतो; वाटते ते खरेही आहे, तो आपल्या 'ला'सारखाच आहे, म्हणजेच दोन कामे करणारा आहे.

शेवटी तुमच्या पहिल्या वाक्यातील 'ला दी'. 'ले'ला लिंग नसते. आपण 'त्याला' आणि 'तिला' असा भेद करतो, तो 'ले'मध्ये बुडून जातो. 'ले दी ला कार्ता' याचा अर्थ त्याला दिले, तिला दिले किंवा आदराने बोलायचे तर तुम्हाला दिले, यांपैकी काहीही होऊ शकतो, आणि खुलासा हवा असेल तर वाक्याच्या शेवटी 'आ एया' म्हणजे 'तिला' असे जोडतात. तेव्हासुद्धा 'ले' काढायचे नाही. 'ले दी ला कार्ता आ एया' या वाक्यात एकच व्यक्ती दोनदा आली आहे असे आपल्या कानाला वाटते, पण स्पॅनिशमध्ये ती पुनरुक्ती आवश्यकच आहे.

उत्तर | अनुवादखिडकी

वरील कसोटी फार उपयोगी आहे आणि मी स्वतः ती वापरत आलो आहे, परंतु ती सर्वत्र लागू पडते असे समजून पुढे गेलात तर काही क्रियापदे तुम्हाला दगा देतील. कसोटी मराठी क्रियापदाची परीक्षा घेते आणि स्पॅनिश क्रियापदाची घडण वेगळी असू शकते, हे त्याचे कारण. 'भेटणे' हेच पाहा. 'मी तिला भेटलो' या वाक्यात क्रियापद कर्त्याशी जुळते, 'मी नदी भेटलो' असे होत नाही, म्हणून कसोटी 'ले' सांगेल. स्पॅनिशमध्ये मात्र 'ला एन्कोन्त्रे' असेच म्हणतात. 'वाट पाहणे' आणि 'ऐकणे' यांत तर आपण 'तिची वाट पाहतो', 'तिचे ऐकतो' अशी षष्ठी वापरतो, आणि स्पॅनिशमध्ये दोन्ही ठिकाणी सरळ प्रत्यक्ष कर्म येते: 'ला एस्पेरो', 'ला एस्कुचो'. उलट दिशेनेही असे घडते. 'त्याने मुलाला मारले', 'त्याने चेंडू मारला' अशी जोडी जुळते, पण 'पेगार' हे क्रियापद सर्वसाधारणपणे 'ले' घेते, 'ले पेगो', तर त्याच अर्थाचे 'गोल्पेआर' हे क्रियापद 'लो' घेते. 'आयुदार' म्हणजे मदत करणे याच्याबरोबर 'ला आयुदे' आणि 'ले आयुदे' ही दोन्ही रूपे प्रमाण लेखनात आढळतात, त्यामुळे तिथे स्वतःला त्रास करून घेऊ नका.

काही क्रियापदांत सर्वनाम बदलले की अर्थच बदलतो, आणि मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण इथे व्याकरण पाठांतराचा विषय राहत नाही. 'ले क्रेओ' म्हणजे माझा त्याच्या बोलण्यावर विश्वास आहे. 'लो क्रेओ' म्हणजे मला ते खरे वाटते. 'ले पागे' म्हणजे मी त्याला पैसे दिले. 'लो पागे' म्हणजे मी त्या वस्तूचे पैसे दिले. जाता जाता सांगतो, आपला 'पगार' हा शब्द पोर्तुगीजमधून आलेला याच 'पागार'चा सख्खा भाऊ आहे, आणि 'चावी'ही तिथूनच आली. स्पॅनिशमध्ये तिला 'याबे' म्हणतात आणि सुदैवाने तीही स्त्रीलिंगीच आहे.

आता 'ले'चा तो उपयोग सांगतो, जो मराठीतून येणाऱ्याला सहज सुचत नाही. एखाद्या कृतीचा परिणाम ज्या व्यक्तीवर होतो, तिला स्पॅनिश अप्रत्यक्ष कर्म मानते, मग आपण तिथे 'चा', 'ची', 'चे' वापरत असलो तरी. 'त्याचे घड्याळ चोरले' याला 'ले रोबारोन एल रेलोख' म्हणतात. 'आईने त्याचा चेहरा धुतला' याला 'ले लाबो ला कारा' म्हणतात. चेहरा कोणाचा हे 'ले' सांगते, म्हणून 'त्याचा' हा शब्द येतच नाही. अनुवाद करताना मी सुरुवातीला प्रत्येक वेळी 'सु' म्हणजे 'त्याचा' हे षष्ठीचे रूप घालत असे आणि माझी वाक्ये बिनचूक असूनही परकी वाटत असत. शरीराचे अवयव, अंगावरचे कपडे, जवळच्या वस्तू यांच्याविषयी लिहिताना आधी 'ले' बसते का ते पाहावे. 'ले कोम्प्रे एल कोचे' या वाक्यात तर मी त्याच्यासाठी गाडी घेतली आणि मी त्याच्याकडून गाडी घेतली हे दोन्ही अर्थ निघतात, आणि कोणता घ्यायचा हे संदर्भावरून ठरवावे लागते.

याच ओळीतील एक रचना मराठीच्या फार जवळची आहे. 'माझ्या हातून पेला पडला' असे आपण म्हणतो, म्हणजे मी मुद्दाम पाडला नाही, पण घडले ते माझ्या हातून. स्पॅनिशमध्ये 'से मे कायो एल बासो' म्हणतात. पेला कर्ता आहे, क्रियापद पेल्याशी जुळते, आणि 'मे' हे आपल्या 'माझ्या हातून'चे काम करते. ज्याने आयुष्यभर 'माझ्या हातून' म्हटले आहे, त्याला ही रचना एकदा ऐकली की पुरते.

उत्तर | शब्दमुळे

तिसऱ्या वाक्याविषयी, म्हणजे 'ले लो दी' चुकीचे आणि 'से ला दी' बरोबर का, याविषयी लिहितो.

प्रथम 'लो' ऐवजी 'ला' का ते सांगतो, कारण ते सोपे आहे. मराठीत 'पत्र' नपुंसकलिंगी, पण 'कार्ता' स्त्रीलिंगी. सर्वनाम स्पॅनिश नामाचे लिंग घेते, आपल्या मनातील मराठी नामाचे नाही. 'घर' म्हणजे 'कासा', 'टेबल' म्हणजे 'मेसा', 'दरवाजा' म्हणजे 'पुएर्ता', तिन्ही स्त्रीलिंगी, म्हणून तिन्हींसाठी 'ला'. आपला नपुंसकलिंगी 'ते' जिथे खरोखर लागतो, ते ठिकाण वेगळे आहे: एखाद्या नामाऐवजी संपूर्ण गोष्टीचा उल्लेख करायचा असेल तर 'लो' येते. 'नो लो से' म्हणजे 'मला ते माहीत नाही', आणि त्या 'ते'मध्ये कोणतेही एक नाम दडलेले नसते.

आता 'से'. नियम एका वाक्यात असा, की 'ले' किंवा 'लेस' यांच्यापुढे 'लो', 'ला', 'लोस', 'लास' यांपैकी काही आले की त्या 'ले'चे किंवा 'लेस'चे 'से' होते. दोन 'ल' लागोपाठ आल्याने कानाला खटकतात म्हणून असे झाले, असे स्पष्टीकरण बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. भाषेचा इतिहास निराळा आहे. लॅटिनमध्ये 'त्याला ते' यासाठी 'इली इलुम' असे दोन शब्द लागोपाठ येत. बोलता बोलता ते एकमेकांत मिसळले, मधला 'ल' तालव्य झाला, आणि मध्ययुगीन कास्तीयन भाषेत, म्हणजे जुन्या स्पॅनिशमध्ये, त्याचे असे रूप झाले ज्याचा उच्चार 'झेलो'च्या जवळचा होता. इटालियनमध्ये आजही त्याच जोडीचे 'ल्येलो' असे रूप आहे, त्यावरून मूळ उच्चाराची कल्पना येते. पुढे सोळाव्या शतकापर्यंत स्पॅनिशमधील या ऊष्म ध्वनींची उलथापालथ झाली, 'झे' आणि आत्मवाचक 'से' हे कानाला सारखे वाटू लागले, आणि 'झेलो'चे 'सेलो' झाले. म्हणजे हे 'से' मुळात 'ले'चेच जुने भावंड आहे. 'स्वतःला' या अर्थाच्या 'से'शी त्याचे नाते केवळ उच्चाराचे आहे. हे समजल्यापासून मला तरी 'से लो' हे रूप पाठ करावे लागले नाही.

क्रम नेहमी एकच असतो: आधी अप्रत्यक्ष, मग प्रत्यक्ष. 'मे लो', 'ते ला', 'से लोस'. वाक्य नकारार्थी असेल तर 'नो' या जोडीच्याही आधी येते, 'नो से ला दी'. सर्वनाम आणि रूप चालवलेले क्रियापद यांच्यामध्ये दुसरा कोणताही शब्द शिरत नाही. पूर्ण वर्तमानकाळातही हीच शिस्त आहे, 'ला ए बिस्तो' म्हणजे 'मी तिला पाहिले आहे'. इथे मराठी कानाने एक काळजी घ्यावी. 'नदी पाहिली आहे', 'पर्वत पाहिला आहे' असे आपले धातुसाधित कर्माप्रमाणे बदलते, म्हणून 'ला'च्या जोडीने 'बिस्ता' म्हणावेसे वाटते. तसे करायचे नाही. 'आबेर' या सहायक क्रियापदाबरोबर 'बिस्तो' हे रूप कधीही बदलत नाही.

क्रियापद मूळ रूपात असेल, चालू कृती दाखवणाऱ्या रूपात असेल किंवा होकारार्थी आज्ञा असेल, तर सर्वनामे मागे जाऊन त्याला चिकटतात. 'मला ते दे' म्हणजे 'दामेलो', पण 'मला ते देऊ नकोस' म्हणजे 'नो मे लो देस'. दोन क्रियापदे शेजारी असतील तर दोन्ही मार्ग खुले असतात: 'किएरो दार्तेलो' आणि 'ते लो किएरो दार' यांचा अर्थ एकच, 'मला ते तुला द्यायचे आहे'. सर्वनामे या दोन क्रियापदांच्या मध्ये सुटी मात्र ठेवता येत नाहीत.

चिकटवताना आघातचिन्हाकडे लक्ष द्यावे. क्रियापदाचा मूळ आघात जिथे होता तिथेच राहतो, फक्त शब्द लांबतो. 'दामे'मध्ये आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर आहे, जो स्वरान्त शब्दांचा नेहमीचाच आहे, म्हणून चिन्ह लागत नाही. 'दामेलो'मध्ये तोच आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर गेला, म्हणून 'दा'तील स्वरावर चिन्ह द्यावे लागते. 'मिरा' या आज्ञेला एकच सर्वनाम जोडून 'मिरामे' केले तरी आघात तिसरा होतो, तेव्हा तिथेही चिन्ह हवे. किती सर्वनामे जोडली याचा नियम पाठ करण्यापेक्षा शेवटून अक्षरे मोजलेली बरी.

पुन्हा | नवशिकी

तिघांचीही मनापासून आभारी आहे. नदीची कसोटी मी काल संध्याकाळी वहीतील जुन्या चुकांवर लावून पाहिली आणि चौदांपैकी अकरा चुका एकाच जातीच्या निघाल्या. आता काही शंका उरल्या आहेत.

'मे गुस्ता' म्हणजे 'मला आवडते' हे मी पहिल्याच महिन्यात शिकले. त्यातील 'मे' प्रत्यक्ष की अप्रत्यक्ष? दुसरे असे, की स्पेनमधील एका बातमीत एका पुरुषाविषयी 'ले बिएरोन' म्हणजे 'त्याला पाहिले' असे वाचले. कसोटीप्रमाणे तिथे 'लो' हवे होते. ती छपाईची चूक आहे का? तिसरे म्हणजे मी केलेले एक भाषांतर तपासावे. 'आईने मुलींना एक गोष्ट सांगितली' यानंतर 'तिने ती त्यांना सांगितली' यासाठी मी 'से लास कोन्तो' लिहिले आहे. मुली अनेक आहेत, म्हणून 'लास'.

उत्तर | जुनी वही

'मे गुस्ता'तील 'मे' अप्रत्यक्ष आहे, आणि ही रचना तर अक्षरशः आपलीच आहे. 'मला पुस्तक आवडते', 'मला पुस्तके आवडतात'. 'मे गुस्ता एल लीब्रो', 'मे गुस्तान लोस लीब्रोस'. दोन्ही भाषांत आवडणारी वस्तू कर्ता आहे आणि क्रियापद तिच्या मागे जाते. म्हणून तृतीय पुरुषात 'ले गुस्ता', 'लेस गुस्ता', व्यक्ती स्त्री असली तरी 'ला गुस्ता' नाही. 'मला वाटते' म्हणजे 'मे पारेसे', 'मला भीती वाटते' म्हणजे 'मे दा मिएदो', हीही त्याच कुळातली. 'मला आवडते, तिला नाही' असा जोर द्यायचा असेल तर 'आ मी मे गुस्ता, आ एया नो'.

बातमीतील 'ले बिएरोन' ही छपाईची चूक नाही. स्पेनच्या मध्य आणि उत्तर भागांत पुरुषाविषयी बोलताना प्रत्यक्ष कर्मासाठीही 'ले' वापरण्याची जुनी पद्धत आहे, तिला 'लेइस्मो' म्हणतात. १७१३ मध्ये स्थापन झालेली रेआल अकादेमिया एस्पान्योला ही भाषासंस्था ती फक्त एकवचनी पुरुषवाचक नामापुरती मान्य करते. स्त्रीसाठी किंवा वस्तूसाठी नाही. अमेरिका खंडातील बहुतेक स्पॅनिश भाषक तिथे 'लो' म्हणतात. तुमचे पहिले वाक्य 'ला दी ला कार्ता' हेसुद्धा माद्रिद आणि कास्तीयाच्या काही भागांत बोलण्यात ऐकू येते, त्याला 'लाइस्मो' म्हणतात, परंतु प्रमाण भाषेत ते स्वीकारलेले नाही. वाचताना दोन्ही ओळखा, लिहिताना 'लो' आणि 'ले' यांची मूळ वाटणी पाळा.

'से लास कोन्तो'मध्ये दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. दुसरे सर्वनाम गोष्टीसाठी आहे, मुलींसाठी नाही. आणि 'गोष्ट' मराठीत स्त्रीलिंगी असली तरी 'कुएन्तो' पुल्लिंगी एकवचनी आहे, म्हणून 'से लो कोन्तो'. मुली अनेक आहेत हे सांगण्याची सोय 'से'मध्ये नाही, कारण 'ले' आणि 'लेस' दोघांचेही 'से'च होते; हवे असल्यास 'आ लास निन्यास' शेवटी जोडावे. ही उणीव बोलणाऱ्यांनाही जाणवली असावी, कारण अमेरिकेतील अनेक देशांत लोक ते अनेकवचन पुढच्या सर्वनामावर टाकून 'से लोस कोन्तो' असे म्हणतात. गोष्ट एकच असते, 'स' मात्र ऐकणाऱ्यांचा असतो.

उत्तर | अनुवादखिडकी

सरावाविषयी कोणी विचारलेले नाही, तरी एक सुचवतो. एकच छोटे वाक्य घ्यावे आणि त्यातील एकेक नाम काढत जावे. 'ले दोय ला याबे आ आना', म्हणजे मी आनाला चावी देतो. आना काढली की 'ले दोय ला याबे'. मग चावीही काढली की 'से ला दोय'. रोज तीन क्रियापदांवर एवढे मोठ्याने म्हटले तरी महिन्याभरात 'से ला', 'से लो', 'मे लो' हे जोडशब्द एकेका शब्दासारखे तोंडात येतात. वहीत 'ला' फसवतो आहे असे तुम्ही लिहिले होते, त्यासाठी स्पॅनिश शब्द त्यांच्याच लिपीत लिहायला लागा. आघातचिन्हेही त्याशिवाय डोळ्यांसमोर येणार नाहीत.

पुन्हा | नवशिकी

आज वही बदलली आणि नव्या पानावर पहिलेच वाक्य स्वतः रचून लिहिले: 'पत्र वाचलेस की मला ते परत दे'. 'कुआन्दो लेआस ला कार्ता, देबुएल्बेमेला.' हे बरोबर आहे का?

उत्तर | शब्दमुळे

पूर्ण बरोबर आहे. 'मे' आधी, पत्रासाठी 'ला' नंतर, आणि आज्ञा होकारार्थी असल्याने दोन्ही मागे चिकटली आहेत. फक्त 'बुएल'मधील 'ए'वर आघातचिन्ह दिले आहे ना ते पाहा. शेवटून मोजले तर ते चौथे अक्षर आहे.